यादीतलं चौथं नाव

जगातली गरिबी हटवायचा दिवस स्कार्वोग या उत्तरेकडच्या किनाऱ्यावरच्या गावात दरवर्षी ऑक्टोबरातल्या शेवटच्या गुरुवारी येतो. या वर्षी तो टोर्डिसच्या आईच्या मुळावर आला, आणि त्याला हाताला धरून घरापर्यंत आणणारी टोर्डिसच होती.

त्या गुरुवारी शाळेत तास नसतात. प्रत्येकाने कुठेतरी दिवसभर काम करायचं आणि मिळालेली मजुरी दूर देशातल्या मुलींसाठी द्यायची, अशी रीत. कुणी आजोबांची होडी खरवडतं, कुणी पाद्र्याच्या अंगणातली पानं गोळा करतं, कुणी स्वतःचीच खोली आवरून स्वतःच्याच बापाकडून मजुरी घेतं आणि आठवडाभर जगाचा भार वाहिल्यासारखं तोंड करून हिंडतं. यंदाची मजुरी झांबियातल्या एका शिवणशाळेला जायची होती. टोर्डिस सतरा वर्षांची, मोहीम समितीची अध्यक्ष. ती निवडून आली होती, म्हणजे सभेत "कोण तयार आहे?" असं विचारलं तेव्हा बाकीच्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं आणि तिने पाहिलं नाही.

पण एकदा घेतलं म्हटल्यावर तिने ते मनापासून घेतलं. सप्टेंबरात ती गावातल्या मासळी कारखान्यात गेली आणि व्यवस्थापक हाल्वार्डला पडद्यावर चित्रं दाखवली. शेवटच्या चित्राखाली तिने स्वतःच्या मनाने लिहिलं होतं: एका बाईच्या हाताला कायमचं काम मिळालं की अख्खं घर उभं राहतं. हाल्वार्ड मोठा हळवा माणूस. त्याने चष्मा पुसला आणि चौदा जागा दिल्या. दहा जणांनी खोकी आणि बर्फ बघायचा, चौघांनी थेट सरकत्या पट्ट्यापाशी उभं राहून सॅमनच्या तुकड्यांतले काटे चिमट्याने उपसायचे. शाळेच्या इतिहासात एका ठिकाणी चौदा जागा कधी मिळाल्या नव्हत्या. समितीने केक कापला. पट्ट्यापाशी एरवी कोण उभं असतं, हा प्रश्न केक खाताना कुणाला पडला नाही. टोर्डिसलाही नाही, आणि तिथे एरवी तिची आई उभी असायची.

आई, म्हणजे ओड्नी, कारखान्यात हाकेवर होती. मुकादमाच्या टेबलामागे भिंतीवर फोन आहे आणि फोनशेजारी चार नावांची यादी: डाइवा, मारिटेस, गुन्वोर, ओड्नी. सकाळी पावणेसहाला मुकादम आर्नफिन यादीत वरून खाली फोन लावत येतो. हाक आली की जायचं, नाही आली की त्या दिवशी आपण कुणी नाही. कारखान्याने ऑगस्टात जाहीर केलं होतं की जिची हजेरी ऑक्टोबर संपेपर्यंत एकही कामाचा दिवस न तुटता राहील, तिला कायम नोकरीचा कागद मिळेल. चौघींचीही हजेरीची साखळी शाबूत होती. ओड्नी अंगात ताप घेऊन गेली होती, दाढ काढलेल्या दिवशी गालात बोळा धरून गेली होती, गाडी बंद पडली तेव्हा वादळात चालत गेली होती. कारण घरमालकीणबाई म्हातारपणी स्पेनला चालल्या होत्या आणि घर विकायला निघाल्या होत्या. कागद असला तर बँक ते घर ओड्नीला घेऊ देणार होती. नसला तर नाताळाच्या आत दोघींनी ड्रामेनला मावशीच्या तळघरात जायचं; तिथे मावशी कपडे वाळवायची आणि मावशीचे यजमान ट्रम्पेट वाजवायचे.

गुरुवारला तीन आठवडे उरले असताना, माशाचे वडे आणि उकडलेले बटाटे खाता खाता ओड्नी म्हणाली, "त्या शेवटच्या गुरुवारी आम्हाला हाक नाही म्हणे."

"का?"

"शाळेचं काहीतरी आहे."

टोर्डिसच्या घशात बटाटा अडकला. तिने पाणी प्यायलं आणि मग तिला वाटलं, बटाटाच राहू द्यायला हवा होता. शाळेचं काहीतरी म्हणजे ती.

"आई, आणि साखळी?"

"तुटेल बहुतेक. तू खा."

ओड्नी एवढंच बोलली. ती रागावली असती तर टोर्डिसला बरं वाटलं असतं. तिने उलट फलकासाठी जुनी चादर काढून दिली.

दुसऱ्या दिवशी टोर्डिस बेरिटकडे गेली. बेरिट समाजशास्त्र शिकवायची आणि मोहिमेची जबाबदारी तिच्याकडे होती. टोर्डिसने मोहिमेच्या पत्रकातला सातवा नियम दाखवला: विद्यार्थ्याने कुणाच्याही हातचं काम काढून घेऊ नये. बेरिटने नियम दोनदा वाचला, डोळे मिटले, हाल्वार्डशी फोनवर बोलली आणि परत येऊन हळू आवाजात समजावलं. हाक मारलेली बाई कामगार असते. हाक न मारलेली बाई कामगार नसते. जी कामगारच नाही तिचं काम काढून घेतलं असं कसं म्हणता येईल? हे सांगताना बेरिटला फार वाईट वाटत होतं, आणि तसं तिने सांगितलंही, दोनदा.

मग टोर्डिसने विषय समितीपुढे ठेवला. सभा दोन तास चालली. प्रत्येकाने आळीपाळीने आपल्याला काय वाटतं ते सांगितलं, मग दुसऱ्याचं ऐकून काय वाटलं ते सांगितलं. चौदा जागा सोडाव्यात असं एकट्या टोर्डिसला वाटलं. बाकीच्यांना झांबियातल्या मुलींचे चेहरे डोळ्यांसमोर दिसले. तिची जिवलग मैत्रीण मारेन तर रडली, पण हात तिने विरुद्धच वर केला. शेवटी एकमताने ठरलं की ओड्नीला त्या दिवशी शाळेच्या सभागृहात बोलवावं, तिने स्थानिक कष्टकरी बाई म्हणून दहा मिनिटं बोलावं आणि तिला वॅफल द्यावेत.

टोर्डिसने हे निमंत्रण घरी पोचवलं, कारण अध्यक्षाला पोचवावं लागतं.

"त्या दिवशी मी फोनपाशी असेन," ओड्नी म्हणाली. "कुणाचं काय सांगता येतं, एखादं पोरगं आजारी पडेल."

मग टोर्डिस हाल्वार्डकडे गेली. त्याने तिला कॉफी दिली. त्याला अरे-तुरे करता येतं, गावात सगळ्यांना करता येतं. त्याचा फायदा एवढाच, की नकार मित्राच्या तोंडून आल्यासारखा वाटतो. तो म्हणाला की त्याने कुणाला काढलेलं नाही, फक्त हाक मारणार नाही. साखळी संगणक मोजतो आणि संगणकाला झांबिया कळत नाही. टोर्डिसने त्याला त्याच्याच आवडत्या वाक्याची आठवण करून दिली, बाईच्या हाताला काम वगैरे. हाल्वार्डने पुन्हा चष्मा पुसला. "पाहू," म्हणाला. स्कार्वोगमध्ये "पाहू" म्हणजे नाही. मग टोर्डिसने सरळ आर्नफिनला गाठून विचारलं की पट्ट्यापाशी एक पोर कमी पडलं तर काय करतोस. तो म्हणाला, करायचं काय, यादीतल्या पहिल्या नावाला फोन. खोकीवाल्या पोरांना पट्ट्यापाशी उभं करता येत नाही, चिमट्याचं शिक्षण फक्त चौघांनाच दिलंय.

चौघांना. टोर्डिस घरी येताना बोटांवर मोजत आली, आणि मोजायला चारच बोटं लागली. पहिलं पोर गळालं की डाइवा, दुसरं गळालं की मारिटेस, तिसऱ्याला गुन्वोर, चौथ्याला आई. चौघं गळायला हवीत. चौघांतली एक ती स्वतः होती, म्हणजे तिघांचाच प्रश्न. जगातली गरिबी हटवण्यापेक्षा हे सोपं वाटलं.

गुरुवारी सकाळी सहाला चौदा जण पांढऱ्या टोप्या घालून उभे राहिले. टोप्यांवर मोहिमेचं चिन्ह होतं, वर उचललेली एक मूठ, मुठीत सुई. आर्नफिनने हात धुवायला लावले, मग पुन्हा धुवायला लावले, आणि पट्टा सुरू केला. पट्ट्यापाशी एस्किल, यूस्टाइन, पहिल्या वर्षाची इल्वा आणि टोर्डिस. टोर्डिस आईच्या जागेवर उभी होती. जमिनीवर दोन पावलांपुरता रबरी तुकडा झिजलेला होता, त्यात तिचे पाय बरोबर बसले.

एस्किल मांस, मासे, दूध, मध काहीच खात नव्हता, आणि शिकताना रबरी तुकडे होते तसे इथे नसतील, खरे मासे असतील, हे त्याला आदल्या रात्री कळलं होतं. तो डोळे मिटून काटे शोधत होता. टोर्डिस त्याच्या कानाशी लागून म्हणाली, "एस्किल, त्या तुकड्याला अजून शेपूट आहे."

"मला माहीत आहे."

"ती आत्ता हलली."

एस्किलने चिमटा खाली ठेवला, आभार मानले आणि तो बाहेर गेला. पाच मिनिटांत त्याच्यापुढे तुकड्यांचा डोंगर झाला. आर्नफिन फोनकडे गेला. वीस मिनिटांनी डाइवा आली, लिथुआनियाची, उंच, मोजकं बोलणारी. तिने टोपी घातली आणि एकदाही मान वर न करता अर्ध्या तासात डोंगर सपाट केला.

यूस्टाइनला पोट आहे आणि पोटापलीकडे काही नाही. टोर्डिसने त्याला सांगितलं की ओड्नीसाठी केलेले वॅफल शाळेत तसेच पडून आहेत, तपकिरी चीजसकट, आणि अकराला ते वाटून टाकणार आहेत. तो म्हणाला, पण मोहिमेचं काय? ती म्हणाली, तूही मोहिमेचाच भाग आहेस. हे त्याला पटलं आणि तो गेला. मारिटेस आली, मनिलाची, येताना सगळ्यांकडे बघून हसली, खोकीवाल्यांना शाबासकी दिली आणि पट्ट्याचा वेग जरा वाढवायला सांगितला.

इल्वाची बोटं गारठून निळी झाली होती, पण पोरगी जिद्दीची; म्हणाली, तिकडे मुली पाण्यासाठी मैलोन्मैल चालतात, मी काय कुरकुर करू. टोर्डिसने अध्यक्षाचा आवाज काढला.

"नियम नऊ. निळ्या बोटांनी काम करता येत नाही. घरी जा."

पत्रकात आठच नियम होते. पण स्कार्वोगच्या माणसाला नियमाचा आकडा सांगितला की तो वाद घालत नाही. इल्वा डोळे पुसत गेली, आणि अर्ध्या तासाने गुन्वोर स्वतःची गाडी घेऊन, स्वतःचा चिमटा घेऊन आली.

मग टोर्डिस बर्फाच्या खोलीत मारेनला भेटली आणि हे सगळं तिला सांगितलं, कारण कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. मारेनने तिला घट्ट मिठी मारली. म्हणाली, मला तुझं इतकं समजतंय ना, सोमवारी हे आपण सभेत मांडू. आणि फावडं घेऊन बर्फ ओढायला लागली.

सव्वादोनला टोर्डिस पट्ट्यापाशी परत आली. आता चौथं पोर गळायचं होतं. तिने डोंगर व्हावा म्हणून हात आखडता घेतला, पण डोंगर होईना. डाइवा तिच्या वाट्याचे तुकडे जाता जाता उचलत होती.

"डाइवा," टोर्डिस हळूच म्हणाली, "जरा सावकाश कर ना."

डाइवाने पहिल्यांदाच मान वर केली. "तू ओड्नीची. ती कुठाय?"

"घरी. तू सावकाश केलंस तर तिला बोलावतील."

डाइवाने खरंच प्रयत्न केला. एक काटा उपसला, थांबली, दुसऱ्याकडे पाहिलं, थांबली. पाचव्या काट्याला हात आपोआप सुटले. "येत नाही मला," ती म्हणाली. तिचा चेहरा पडला होता, पण हात चालूच होते. "दाखव कसं करतात."

टोर्डिसने एप्रन काढला आणि ती आर्नफिनपुढे जाऊन उभी राहिली. म्हणाली, मी जाते, माझी जागा रिकामी आहे, आता यादीतल्या चौथ्या नावाला फोन लाव.

आर्नफिनने पट्ट्याकडे पाहिलं. माल आज अर्धाच घेतला होता, पोरांच्या बेताने. तिघी बायका तो असा संपवत होत्या, की खोकीवाली पोरं धापा टाकत होती.

"चौथी कशाला? या तिघी उरलं ते संपवून घरी जातील. तू खुशाल जा, काळजी करू नको."

"माझ्या आईची साखळी तुटेल, आर्नफिन."

त्याने टोपी मागे सरकवली. त्यालाही वाईट वाटत होतं; गावात त्या आठवड्यात वाईट न वाटलेला माणूस औषधाला सापडला नसता. तो म्हणाला, "काल हाल्वार्डने ठरवलं होतं. एकीलाही हाक मारायची नाही, म्हणजे दिवस सुट्टीचा धरता येईल आणि कुणाचीच साखळी तुटायची नाही. खास तुझ्या आईसाठी भांडला म्हणे वरच्यांशी. आज सकाळी एक पोरगं पळालं आणि मला फोन लावावा लागला. आता तिघी आल्यात. आता सुट्टी कशी म्हणणार?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू विद्यार्थी ना," आर्नफिन म्हणाला. "तो कामगारांचा विषय."

"मग तिला नुसती बोलव. तासभर उभी राहील."

"हाक मारायला काम लागतं, पोरी. त्याशिवाय मारली तर ती हाक कसली?"

टोर्डिसने त्याचा हात धरला. तिला वाटलं, आपण गुडघ्यावर बसावं. पण जमीन माशाच्या पाण्याने इतकी निसरडी होती, की बसण्याऐवजी ती घसरली, आणि आर्नफिनने तिला उचलून, कोपर दुखलं नाही ना अशी चौकशी करून दारापर्यंत सोडलं.

घरी पोचायला तिला पाऊण तास लागला, म्हणजे एरवी लागतो त्याच्या तिप्पट. ओड्नी स्वयंपाकघरात फोनपुढे बसली होती. थंड खोलीत घालायचे लोकरीचे तीन स्वेटर एकावर एक, दोन पायमोजे, कानटोपी. हाक आली की दहा मिनिटांत निघावं लागतं आणि एवढं चढवायलाच पंधरा मिनिटं लागतात. म्हणून ती पहाटेपासून सगळं घालून बसली होती. शेगडी पेटलेली होती. घाम हनुवटीवरून टेबलावर टपकत होता, आणि तोंडावर असा आनंद होता, जसा टोर्डिसने ऑगस्टनंतर पाहिला नव्हता.

"फोन मोकळा ठेव," ओड्नी म्हणाली. "डाइवा गेली सायकलवरून. मग मारिटेस गेली. मग गुन्वोरची गाडी खाली गेली, मी खिडकीतून पाहिली. आता मीच. पण तू लवकर कशी आलीस?"

टोर्डिस उभ्या उभ्या बोलली. कोण कसा गेला ते सांगितलं, शेपूट, वॅफल, नियम नऊ. मग हाल्वार्डने काल काय ठरवलं होतं ते सांगितलं. सांगताना तिला ते एखाद्या विनोदासारखं ऐकू येत होतं.

ओड्नीने सगळं शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे नुसतं बसून राहिलो असतो तर झालं असतं."

"हो."

"मी नुसतीच बसले होते की."

ओड्नीने घड्याळाकडे पाहिलं. पाळी चारला संपत होती, आता साडेतीन व्हायला आले होते. ती तशीच बसून राहिली, हात फोनच्या दोन्ही बाजूंना ठेवून. "अजून अर्धा तास आहे," म्हणाली. "कुणाचं काय सांगता येतं."

आणि फोन वाजला.

ओड्नी इतक्या वेगाने उठली, की खुर्ची मागे पडली. तिने फोन कानाला लावला, "हो, मी ओड्नी, मी निघालेच," म्हणाली. मग नुसती ऐकत राहिली. तिच्या अंगातून काहीतरी उतरत गेलं, स्वेटर मात्र तिन्ही जागेवर होते. तिने फोन टोर्डिसपुढे धरला.

"तुझा आहे. शाळेतून."

बेरिट होती. टोर्डिसचा फोन लागत नव्हता म्हणून घरच्या नंबरवर केला, म्हणाली. मजुरी गोळा करण्यात स्कार्वोगने यंदा जिल्ह्यात पहिला नंबर काढलाय. यूस्टाइनने सभागृहात सांगितलं की हे सगळं टोर्डिसमुळे झालं. तो अजून खातोय. सगळे जमलेत, फोन मोठ्या आवाजावर लावलाय, अध्यक्ष म्हणून तिने दोन शब्द बोलावेत.

टोर्डिसला तिकडचा श्वास ऐकू आला, दोनशे माणसांचा.

"माझ्या आईचं काम गेलं," ती म्हणाली. "मी घालवलं."

मग बेरिटचा आवाज आला, भरून आलेला.

"आवाज तुटतोय तुझा. पण भावना पोचल्या, टोर्डिस. पोचल्या."

आणि टाळ्या सुरू झाल्या.

ओड्नी तोवर पहिला स्वेटर काढायला लागली होती. तो घामाने दुसऱ्याला चिकटला होता. डोकं आत, हात वर, अशी ती स्वयंपाकघराच्या मधोमध अडकून उभी राहिली. आतून तिने विचारलं की टाळ्या कोण वाजवतंय. टोर्डिस म्हणाली, शाळा. टोर्डिसने फोन टेबलावर पालथा ठेवला, तरी टाळ्या लाकडातून येतच होत्या, आणि तिने दोन्ही हातांनी स्वेटर धरून वर ओढायला सुरुवात केली. तो निघता निघेना.